कानामागची पट्टी

डेयवरची लाळ काही केल्या थांबत नसे. सात वर्षांचं पोर, जन्मताच मेंदूला इजा झालेलं. नीट गिळता येत नसे, गळपट्टी तासाभरात चिंब, हनुवटी सोललेली. शेवटी डॉक्टरीणबाईंनी कानामागे लावायची पट्टी दिली. "एका वेळी एकच हं!" असं दोनदा बजावलं.

त्याच्या आईने, नेल्सीने पाकिटावरचं नाव वाचलं आणि पुन्हा वाचलं. एस्कोपोलामिना! म्हणजे बुरुंदांगाच की, चोरटे दारूत घालून माणसाला भुलवतात आणि नागवतात ती. त्यांच्या सिएनागा गावात शेंबड्या पोरालाही हे ठाऊक. सासूला, एउडोसियाला कळलं तर ती घर डोक्यावर घेईल, पट्टी उपटून फेकेल. म्हणून या शहाणीने नाव फाडून टाकलं, एक पट्टी पोराच्या कानामागे लावली आणि थाप मारली, "डासांसाठी आहे, आई."

दुसऱ्या दिवशी ती कामावरून आली तर गळपट्टी कोरडी ठणठणीत. बाई हरखलीच! मग तिने पोराचं तोंड पाहिलं. लालबुंद चेहरा, अंग तापलेलं, घामाचा टिपूस नाही. डोळ्यांतल्या बाहुल्या विस्फारलेल्या, बोटं हवेत काहीतरी वेचत होती.

"आई, काय झालं याला?"

"मला काय विचारतेस? डास नुसते फोडून काढत होते लेकराला. म्हणून दुसऱ्या कानामागे एक लावली, मानेवर एक."

नेल्सीने तिन्ही पट्ट्या ओरबाडल्या, कातडी धुतली आणि पोराला कवटाळून दवाखाना गाठला. सासू धापा टाकत मागोमाग.

"औषध कोणतं?" नर्सने विचारलं. नेल्सीने सासूकडे पाहिलं आणि ती पोराची गळपट्टी नीट करू लागली.

"अहो बोला ना, पोर हातचं जाईल!"

"एस्कोपोलामिना. तीन पट्ट्या."

एउडोसियाने छातीवर क्रूस काढला. "बुरुंदांगा? माझ्या हातानं?" म्हणत ती मटकन खाली बसली. नेल्सी शिव्यांची वाट पाहत राहिली. एकही आली नाही, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

दोघी पलंगाच्या दोन बाजूंना बसून राहिल्या. संध्याकाळी ताप उतरला. डेयवरचे ओठ ओलावले, लाळेची तार हनुवटीवर आली. नेल्सी सवयीने फडकं घेऊन पुढे झाली.

"राहू दे गं, गळू दे," म्हणत म्हातारीने ती आपल्या तळहातावर झेलली आणि हमसून हमसून रडू लागली. "खरं सांगितलं असतंस तर मी भांडले असते, सूनबाई. पण पोराला असं मरणाच्या दारात नेलं नसतं."