शर्यतीआधीच्या जांभया

आमच्या बेडकीला (हे तिच्या बाबांनी ठेवलेलं नाव) शर्यतीच्या दिवशी जांभया येतात. आजही सकाळपासून तेच. मी गाडीतच सुनावलं, रात्री मोबाईल घेऊन पडलं की असंच होणार. तिने खिडकीबाहेर बघत आणखी एक जांभई दिली.

आज पोहण्याच्या संघाची निवड होती. तिचा वेग चांगला आहे, पण उडी उशिरा पडते. भोंगा वाजतो, बाकीच्या मुली पाण्यात जातात आणि ही क्षणभर उडी मारायच्या ब्लॉकवरच. मागच्या दोन्ही शर्यतींत तसंच झालं. कोचताईंनी स्पष्ट सांगितलं होतं, आज पुन्हा उशीर झाला तर जागा दुसरीला जाईल. सरावात मात्र हिची उडी सगळ्यांच्या आधी! हे कोडं मला काही केल्या सुटत नव्हतं.

तलाव आणि कुस्तीचा हॉल यांच्यामध्ये एक लांब पॅसेज आहे. सगळ्या खेळांची मुलं तिथेच ताटकळत बसली होती. मला बघत राहायची खोडच आहे. टेबल टेनिसवाली एक मुलगी बॅटचं रबर पुसत होती, पुसून झालं की परत पुसत होती. एक धावपटू मुलगा बुटाची नाडी सोडायचा, बांधायचा. आणि आमच्या शेजारी एक पहिलवान, मान खांद्यांत बुडालेली, दंड माझ्या मांडीएवढे, जबडा निखळेल अशी जांभई देत होता.

तूही रात्री मोबाईल बघत होतास वाटतं, मी म्हटलं.

"नाही हो काकू. पोटात गोळा आला की मला जांभया सुरू होतात." त्याने बेडकीकडे बघितलं. "हिलाही?"

ती चक्क हसली. मग दोघांच्या गप्पाच सुरू झाल्या. त्याला सारखं बाथरूमला जावंसं वाटतं, तिचे तळपाय गार पडतात. मी थक्क. घरी विचारलं की मला 'काही नाही' एवढंच उत्तर मिळतं. कुस्तीला उभा राहिला की तो म्हणे समोरच्याच्या गुडघ्याकडे बघतो; तोंडाकडे बघितलं की संपलंच. तू कुठे बघतेस, असं त्याने तिला विचारलं.

"आईकडे. तिरकं."

मी नेहमी ब्लॉकच्या बाजूला, पहिल्या रांगेत बसते. तिला आधार म्हणून.

"माझ्याकडे कशाला?"

"तू श्वास रोखून धरतेस ना. तू सोडलास की मी उडी मारते."

पहिलवान माझ्याकडे असा बघायला लागला, जणू पुढची कुस्ती माझ्याशीच आहे.

तेवढ्यात मुलींना आत बोलावलं. मी पर्स उचलली आणि परत खाली ठेवली. मी इथेच थांबते, म्हटलं. तिने खात्री करून घेतली, अगदी दारातूनसुद्धा बघणार नाहीस ना? मग टोपी कानांवर ओढून ती गेली. जाताना पुन्हा जांभई दिली. या खेपेला मोबाईलचं नाव न काढता मी नुसता हात हलवला.

दार लागलं. आतला गलका हळूहळू थांबला. मी भिंतीकडे तोंड करून कान लावले. सगळ्यांच्या मागून पडणारा तो एकटा आवाज मला पाठ होता.

भोंगा वाजला. पाण्यात धप्पकन आवाज झाला. मी वाट बघत राहिले. नुसता हातापायांचा खळखळाट.

"सगळ्या एकदमच पडल्या," पहिलवान म्हणाला. मग जरा वाकून माझ्या तोंडाकडे बघत, अगदी हळू आवाजात, "काकू, आता सोडा की."