मोरितांची किटली, राजारामांचे ठोके

मित्रांनो, मी कॉफीची एक किटली आहे, अस्सल चांदीची. वय विचाराल तर फार नाही, बारा वर्षं. अमेरिकेत बॉथेल नावाच्या गावी, देवयानीच्या स्वयंपाकघरात, खिडकीजवळच्या फळीवर माझी जागा आहे. माझ्या अंगभर माशाच्या खवल्यांसारखे ठसे आहेत. ते हातोडीचे आहेत आणि मला त्यांचा फार अभिमान आहे.

माझा जन्म जपानमधल्या एका लहान शहरात झाला. मोरिता नावाच्या वृद्ध कारागिरांनी चांदीचा एक गोल, सपाट पत्रा घेतला आणि ठोकायला सुरुवात केली. ठोकून ठोकून चांदी कडक झाली की ते मला विस्तवात धरत, मऊ झाले की पाण्यात बुडवत आणि पुन्हा ठोकायला बसत. असे कितीतरी दिवस गेले. हा माणूस माझ्यावर एवढा का रागावलाय, असं मला वाटायचं. मग एका सकाळी पाहते तर काय, मला पोट आलं होतं, गळा आला होता, आणि पोटाला कुठेही जोड नव्हता! शेवटी त्यांनी बगळ्याच्या मानेसारखी बारीक तोटी बसवली. चांदी चटकन तापते, म्हणून माझ्या मुठीला वेत गुंडाळला.

देवयानी तेव्हा तिथल्या विद्यापीठात संशोधन करत होती. संध्याकाळी ती मोरितांच्या दारात येऊन बसायची आणि त्यांचं काम बघत राहायची. ती अमेरिकेला निघाली तेव्हा प्रयोगशाळेतल्या सोबत्यांनी मिळून मला तिच्या हाती ठेवलं.

बॉथेलला तिला औषधांच्या कंपनीत नोकरी लागली, संसार झाला, इशिता झाली. दर शनिवारी सकाळी देवयानी माझ्यातून कॉफीच्या भुकटीवर गरम पाणी सोडायची. माझी धार सुतासारखी पडायची. पाहुणे म्हणायचे, "कॉफी भारीच, पण ही किटली काय गॉर्जियस आहे यार!" ते ऐकून मी फुलून जायचे.

गेल्या उन्हाळ्यात देवयानीचे बाबा, राजाराम, पुण्याहून सहा महिन्यांसाठी आले. ते जातीचे कारागीर. चाळीस वर्षं त्यांनी तांब्याची भांडी मठारली, म्हणजे हातोडीनं ठोकून घडवली. आजारपणानंतर उजवा हात थरथरायला लागला आणि त्यांनी दुकान बंद केलं होतं. आल्या दिवशीच त्यांनी मला उचललं आणि ठशांवरून अंगठा फिरवला.

"कोणाचा हात आहे हा?"

"जपानमधल्या मोरितांचा. मी रोज बघायला जायचे, बाबा."

"रोज?" एवढंच म्हणून त्यांनी मला खाली ठेवलं.

एके दुपारी घरात कुणी नव्हतं. मला घासूनपुसून ठेवावं म्हणून त्यांनी मला नळाखाली धरलं. हात थरथरला आणि मी फरशीवर आपटले. पोटाला लिंबाएवढा पोचा पडला आणि तोटी एका अंगाला वाकली. राजारामांनी मला उचललं. जन्मभर भांडी घडवणाऱ्याच्या हातून भांडं पडावं, ही गोष्ट त्यांना कुणाला सांगवेना. त्यांनी मला मफलरमध्ये गुंडाळलं आणि आपल्या बॅगेच्या तळाशी ठेवून दिलं.

चार दिवस मी तिथे होते. मग शनिवार आला. बाहेर शोधाशोध सुरू झाली आणि देवयानीचा आवाज चढला. "इशिता, खरं सांग. खेळायला घेतलीस ना?"

"मॉम, आय डिडन्ट टच इट! आय स्वेअर!" इशिता रडायलाच लागली.

तेवढ्यात बॅगेची चेन उघडली. राजाराम मला दोन्ही हातांत धरून बाहेर गेले. "तिला बोलू नकोस. माझ्या हातून पडली. मीच लपवली."

देवयानीनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "बाबा, तुम्हाला कुठे लागलं नाही ना?"

हे ऐकल्यावर मात्र राजाराम खुर्चीत बसले आणि त्यांनी डोळे पुसले. देवयानीनं इशिताला जवळ घेऊन तिला सॉरी म्हटलं.

देवयानीनं सिअ‍ॅटलच्या एका दुरुस्तीवाल्याला माझे फोटो पाठवले. त्याचं उत्तर आलं की पोचा निघेल, पण अंग घासून गुळगुळीत करावं लागेल, ठसे जातील. राजाराम हळूच म्हणाले, "मी बघू का? पण चांदीवर मी कधी काम केलेलं नाही. आणि हात हा असा. फाटली तर गेलीच म्हण."

"फाटली तर फाटली. तुम्हीच करा. पण मला शेजारी बसायचंय."

"तुला? कशाला?"

"लहानपणी दुकानात आले की 'अभ्यासाला बस' म्हणून उंबऱ्यावरूनच परत पाठवायचात. जपानात मी रोज तिथे का जाऊन बसत होते, असं वाटतं तुम्हाला?"

राजाराम मला उचलत म्हणाले, "स्टूल आण."

गॅरेजमध्ये दोन दिवस काम चाललं. दुकानातून आणलेल्या नव्या हातोडीचं तोंड त्यांनी पॉलिश पेपरनं आरशासारखं चकचकीत केलं. इशितानं आपली लाकडी बेसबॉल बॅट दिली. तिच्या मुठीकडचं गोल टोक माझ्या पोटात बरोबर गेलं. तोटी मोडू नये म्हणून तिच्यात बारीक वाळू ठासली, दोन्ही तोंडं कणकेच्या गोळ्यांनी बंद केली आणि केसाकेसानं तिला सरळ केलं. विस्तवाजवळ मात्र नेलं नाही, नाहीतर तोटीचा जोड सुटला असता.

मग पोचा. आधी बॅटच्या टोकानं तो आतून बाहेर रेटला. देवयानी मला बॅटवर धरून फिरवत होती. राजारामांनी कोपर बरगडीला घट्ट टेकवलं, तरी हात थरथरतच होता. पहिला ठोका चुकला. दुसऱ्याला ते थांबले.

"बाबा, मी धरलंय. मारा."

"थोडी डावीकडे घे. हं. आता हलू नकोस."

ठोका बसला, मग दुसरा, मग तिसरा. मला दुखलं, पण मी फाटले नाही.

पुढच्या रविवारी देवयानीनं माझ्यातून पाणी सोडलं. आधी वाळूचे दोन कण आले आणि मग सुतासारखी धार लागली. इशितानं टाळ्या वाजवल्या. राजारामांनी काळ्या कॉफीचा एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "धार उत्तम आहे. ह्याच्यात दूध-साखर घाल."

माझ्या पोटावर तळहाताएवढ्या जागेत ठसे आता वेगळे दिसतात, जरा मोठे आणि गोल. कुणी विचारलं की देवयानी सांगते, "ते माझ्या बाबांचे." मी मोरितांच्या आणि राजारामांच्या, दोन्ही हातांची ऋणी आहे, आणि ज्या हातून मी पडले, त्याच्यावर माझा तिळभरही राग नाही.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना जपा, पण कपाटात कोंडून नव्हे, रोज वापरून. कधी हातून पडलोच, तर घाबरून लपवू नका. आम्हाला उजेडात आणा आणि "माझ्याकडून झालं" एवढं सांगून टाका. आणि तुमच्या घरात कुणाच्या हाताला एखादी कला असेल, तर आजच त्यांच्या शेजारी स्टूल ओढून बसा.