घोरण्याचा पुरावा

आत्याला उभ्या आयुष्यात गप्प बसणं जमलं नव्हतं, आणि ज्या दिवशी जमलं तो दिवस नेमका चुकीचा निघाला.

ती घरी पडदे शिवायची. मशीनवर बसून तिने माप विचारलं की उत्तर खालच्या मजल्यावरून यायचं, असा आवाज. वहिनीने लग्न होऊन आल्या आल्या तिचं नाव भोंगा ठेवलं. आत्याही काही उधार ठेवणारी नव्हती. वहिनी घोरते, हे तिने साऱ्या पैपाहुण्यांत जाहीर करून टाकलं. "मी घोरत नाही," वहिनी ठणकावून सांगायची. "माझ्या माहेरीसुद्धा कुणी घोरत नाही." या एका मुद्द्यावर नणंद-भावजयीचं विळ्या-भोपळ्याचं सख्य वर्षानुवर्षं टिकून होतं, आणि खरं सांगायचं तर एक बाहेर गेली असेल तर दुसरी ताट वाढून घेत नसे.

मग वहिनीच्या मणक्याने दगा दिला. ऑपरेशन झालं, दुखणं काही हटेना. गोळ्यांनी भागेना तेव्हा डॉक्टरांनी कातडीवर चिकटवायची पट्टी दिली. तिच्यातलं अफूच्या जातीचं औषध हळूहळू अंगात मुरतं. नुकतीच तिची मात्रा वाढवली होती. औषधाच्या दुकानातल्या माणसाने नव्या पट्ट्यांसोबत नाकात मारायचा एक स्प्रे पुढे केला. म्हणाला, "औषध जास्त झालं आणि श्वास मंदावला तर हा उतारा. घरात असू द्या."

"आमच्या घरात नशा करणारं कुणी नाही," आत्याने सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं सुनावलं आणि स्प्रे परत सरकवला. पट्ट्यांच्या खोक्यातला सूचनांचा कागद तर घडी न मोडताच कचऱ्यात गेला.

त्या दिवशी दादा कामावर गेला तेव्हा वहिनी कण्हत होती. रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता. "पाठीला जरा ऊब दे गं," ती म्हणाली. आत्याने रबरी पिशवीत कढत पाणी भरलं, टॉवेलात गुंडाळलं आणि खांद्याखाली, पट्टी होती तिथेच, नीट टेकवून ठेवली. वर जाड दुलई घातली. पिशवी निवली की पुन्हा भरली. मायेत तिने काही म्हणजे काही कमी ठेवलं नाही.

दुपारकडे वहिनीची जीभ जड झाली. एक वाक्य अर्ध्यात सोडून तिने डोळे मिटले. लागली बाई एकदाची झोप! आत्याला भरून आलं. तिने दारावरच्या घंटीचं बटण बंद केलं, मशीनला हात लावला नाही, चपला काढून मांजराच्या पावलांनी घरभर फिरू लागली. तोंडाला तर कुलूपच घातलं.

आणि वहिनी घोरू लागली.

साधंसुधं नाही. खोल, घशात पाणी अडकल्यासारखं गुरगुरत. मध्येच थांबायचं, पुन्हा सुरू व्हायचं. आत्याला हसू आवरेना. हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात, पण या बाईला आरसाच दाखवायला हवा होता. तिने फोन वहिनीच्या तोंडाजवळ धरून ते घोरणं टिपलं आणि घरच्या ग्रुपवर पाठवून दिलं. खाली लिहिलं, "घ्या पुरावा!" दादाचे हसून लोळणारे चेहरे लगेच आले.

थोड्या वेळाने फोन थरथरला. वहिनीची मुलगी होती. ती दुसऱ्या गावी तलावावर पोहायला शिकवायची.

"आत्या, आईला उठव."

"अगं, आत्ता कुठे डोळा लागलाय," आत्या कुजबुजली.

"ते घोरणं नाहीये! तिचा श्वास अडतोय. आमच्या प्रशिक्षणात ऐकवला होता हा आवाज. जा, हलव तिला!"

आत्या खोलीत गेली. घोरणं थांबलं होतं. वहिनीचे ओठ जांभळे पडले होते, नखंही.

"वहिनी," ती हळूच म्हणाली. सकाळपासूनची सवय, आवाज दबलेलाच निघाला. मग तिने बोंब ठोकली. "वहिनी! ए वहिनी!" खिडकीची काच हादरली. वहिनीची पापणी हलली नाही.

"छातीच्या मधल्या हाडावर मुठीने जोरात घास," फोन सांगत होता. आत्याने घासलं. काही नाही. पापणी वर केली तर बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी.

"स्प्रे मार नाकात. स्प्रे कुठंय?"

"नाही घेतला."

"पाठीला काही लावलंयस?"

"गरम पाण्याची पिशवी."

"पट्टीवर? आत्या, उष्णतेने सगळं औषध एकदम आत जातं! काढ ती. पट्टीही ओढून काढ." तिने तिकडे दुसऱ्या फोनवर ॲम्ब्युलन्स बोलावली, पत्ता ओरडून सांगितला, आणि पुन्हा इकडे वळली. "दार उघडं टाक. तिला उताणी कर, हनुवटी वर उचल, नाक चिमटीत धर. आता तिच्या तोंडात फुंक. छाती वर येतेय का बघ."

आत्याने तोंडाला तोंड लावलं. छाती वर आली, खाली गेली, आणि तशीच राहिली. पलीकडून पोरगी आकडे मोजत होती, रडत होती, पाच म्हटलं की "फुंक" म्हणत होती. आत्या फुंकत राहिली. डोक्यात एकच घण बसत होता: मी मारलं हिला. माझ्या हातांनी शेकून शेकून मारलं, आणि वर चेष्टा करून गावाला ऐकवलं.

तिला चक्कर येऊ लागली. जिन्यात पाऊल वाजत नव्हतं. "कुणी आहे का!" ती दोन फुंकरींच्या मध्ये किंचाळली. "घे ना गं श्वास! तू नाही घोरत, कबूल! कधीच घोरत नव्हतीस! मीच खोटारडी! आता तरी घे!" वहिनीला ते ऐकू जात नव्हतं. साऱ्या इमारतीला गेलं.

ॲम्ब्युलन्सवाले आत घुसले, त्यांनी आत्याला खांद्याला धरून बाजूला केलं आणि वहिनीच्या नाकात स्प्रे मारला. तसलाच, त्या दुकानातल्यासारखा. काही झालं नाही. त्यांनी पुन्हा मारला. वहिनीने बुडत्या माणसासारखा श्वास ओढला, आणि आत्या भिंतीला टेकून खालीच बसली.

इस्पितळातल्या नर्सने स्पष्ट सांगितलं, "इतक्यात निश्चिंत होऊ नका. स्प्रेचा असर आधी उतरतो, कातडीखालचं औषध मागे उरतं. श्वास पुन्हा मंदावू शकतो. लक्ष ठेवावं लागेल." यंत्रं लावलेली होती, पण आत्याचा यंत्रांवर विश्वास नव्हता. ती खाटेला खेटून बसली.

बऱ्याच वेळाने वहिनीने डोळे उघडले. तोवर येऊन पोचलेल्या भाचीने तिच्या कानाशी वाकून काय घडलं ते सांगितलं. ओठ फुटले होते, आवाज नुसता खरवडल्यासारखा.

"भोंगा."

"काय गं?"

"पोरीने सांगितलं. मी घोरत नव्हते."

भाचीने, दादाने, नर्सने, सगळ्यांनी आत्याकडे पाहिलं. तिच्याजवळ कुठल्याही बोलण्याला तोडीस तोड उत्तर असायचं.

"नव्हतीस," आत्या म्हणाली. तिची नजर वहिनीच्या छातीवरच्या चादरीवर होती. चादर खाली गेली. ती पुन्हा वर येईपर्यंत आत्याने स्वतःचा श्वास घेतला नाही.