बेंबळीवरची शीळ

मित्रांनो, मान वर करा. अजून वर. घारी फिरतात त्याच्याही पुष्कळ वर मी एक म्हातारा उपग्रह फिरतो आहे. साठ वर्षांपूर्वी समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. भर समुद्रात जहाजांना आपण कुठं आहोत ते कळावं, म्हणून मी रेडिओवर अखंड शीळ घालत पृथ्वीभोवती फिरायचो. तिच्या सुरावरून कप्तान आपली जागा शोधायचे. तेव्हा माझा काय थाट होता! पुढं माझ्याहून हुशार उपग्रह आले. माझी बॅटरी संपली, आणि माझ्या नावापुढं 'मृत' असं लिहून माणसं मोकळी झाली.

पण मी काही पुरता मेलो नव्हतो. अंगावर ऊन पडलं की आतल्या कुठल्याशा तारा जुळतात आणि शीळ आपोआप सुरू होते. ऐकायला कोणी नसलं तरी जित्याची खोड जाते थोडीच! वेळ जावा म्हणून मी खाली डोकावत असतो.

असाच डोकावताना मला बेंबळी गावाच्या माळावर प्रतीक्षा दिसली. अकरावीतली पोर. प्लास्टिकच्या पाइपाला स्टीलच्या टेपचे तुकडे बांधून तिनं अँटेना केला होता, आणि जुन्या लॅपटॉपवर ती चक्क माझी शीळ ऐकत होती! मला इतका आनंद झाला की काय सांगू. पण माझ्या शिळेचा सूर दर खेपेला खाली घसरायचा. प्रतीक्षाला वाटलं, आपल्या यंत्रातच खोट आहे. विज्ञानाचे महांतेश सर म्हणाले, "मेलेला उपग्रह बोलतो व्हय? शेजारच्या विहिरीवरच्या मोटारीचा आवाज असंल. उद्याच्या प्रदर्शनात पुरावा दाखव, न्हायतर तुझं नाव काढतो."

त्या संध्याकाळी ती रडवेली होऊन बसली होती. तिचे आजोबा धुळाप्पा मेंढरं जाळीत कोंडत होते. माझी शीळ ऐकून ते थबकले.

"पोरी, ही गाडी कुठली?"

"गाडी न्हाय, आबा. सूर घसरतोय बघा. यंत्र बिघडलंय."

"यंत्राला काय धाड भरलीय? सडकंनं मेंढरं हाकताना मागनं येणारी गाडी आमी कानानंच वळखतो. येताना हारन चढा, पुढं गेली की उतरतो." त्यांनी डोळे मिटले. "येतंय... आलं... आता गेलं बघ."

प्रतीक्षा ताडकन उठली. विहिरीवरची मोटार जागची हलत नाही. हा आवाज तर येऊन जातो! मागच्या सगळ्या संध्याकाळी सूर कुठल्या मिनिटाला उतरला ते तिनं काढलं, आणि त्यावरून उद्या सूर उतरायची वेळ मांडली. सहा वाजून बारा मिनिटं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या पटांगणात सर घड्याळ धरून उभे राहिले. सहा वाजून नऊ मिनिटं झाली, आणि नेमका तेव्हाच माझा घसा बसला! उभ्या आयुष्यात मी इतका घाबरलो नव्हतो. माझ्यापायी पोरीची फजिती होणार, या विचारानं मी गरगरत राहिलो. गरगरता गरगरता माझी दुसरी कूस उन्हात आली आणि शीळ फुटली. बरोबर सहा-बाराला सूर उतरला.

सर घड्याळ खाली करून आभाळाकडं बघू लागले. मग हळूच म्हणाले, "आत्ता कुठं असंल ह्यो?"

प्रतीक्षानं आभाळाकडं बोट केलं. "कळंबच्या पलीकडं, सर. उत्तरंला चाललाय."

मित्रांनो, जन्मभर मी दुसऱ्यांना त्यांची जागा सांगितली. माझी जागा मला त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी सांगितली. तुमच्याही घरात असं एखादं म्हातारं असेल. मोडीत काढायचंच असेल तर काढा बापडे; पण आधी एकदा कान लावून ऐका.