बारीक दातांची बाजू

मित्रांनो, मी तिसगावची शिसवी फणी. आता पार म्हातारी झाले आहे. कोपऱ्यातले दोन दात पडले आहेत, बाकीचे अजून शाबूत आहेत. इतके दात दिले, पण बोलायला जीभ काही कोणी दिली नाही. ती असती तर आज सांगते आहे ती गोष्ट मी तेव्हाच, भर व्हरांड्यात सांगितली असती.

माझा जन्म मोठ्या लढाईच्या दिवसांतला. सूर्यभान सुतारांकडे गाडीच्या कामातून शिसवाचा एक तुकडा उरला होता. त्यांनी बारीक करवतीने माझा एकेक दात कापला, कानशीने घासला आणि आठ दिवस मला करडईच्या तेलात बुडवून ठेवले. एका बाजूला विरळ दात, गुंता सोडवायला. दुसऱ्या बाजूला बारीक दात, उवा आणि लिखा काढायला. तिसगावच्या बाजारात मरियाबाईंनी मला उचलले, उजेडाकडे धरून पाहिले आणि आपल्या दहा वर्षांच्या रेबेकासाठी घेतले.

त्या घरातले दिवस मी कधी विसरणार नाही. रविवारी उपासनेला जायचे म्हणून शनिवारी दुपारी केस धुवायचा बेत असे. रिठे सकाळीच भिजत पडलेले असत. न्हाणे झाले की मरियाबाई लेकीला पुढ्यात बसवून ओल्या केसांना थोडे तेल लावत, आणि मग माझी बारीक बाजू मुळापासून टोकापर्यंत सावकाश ओढत. प्रत्येक वेळी पांढऱ्या फडक्यावर मला झटकून नीट बघत. शेवटी कडुलिंबाच्या गरम पाण्यात मला धुवून, लगेच पुसून, उन्हात ठेवत. रेबेकाचे केस कमरेच्या खाली गेले की चार पेडांची वेणी घालून देईन, असा त्यांनी शब्द दिला होता. पोरगी रोज आरशाकडे पाठ करून मान वळवून बघायची.

पुढे रेबेका नगरकडच्या एका मुलींच्या बोर्डिंगात शिकायला गेली आणि तिच्या पत्र्याच्या पेटीतून मीही गेले. तिथे बनुबाई नावाच्या देखरेख करणाऱ्या बाई होत्या. मनाने वाईट नव्हत्या, पण साठ मुली आणि एक बाई. दर शनिवारी त्या सगळ्यांना व्हरांड्यात ओळीने बसवून काडीने केस फाकवून बघत. ऊ सापडली की कात्री. यात कोणाची गय नव्हती.

रेबेकाच्या शेजारी मेरी झोपायची. तिला आई नव्हती, बाप राजूरच्या डोंगरात कुठे तरी कामाला होता. तिच्याकडे फणी नव्हती. रेबेका मला रोज तिला द्यायची. असेल ते वाटून घ्यावे, असे रविवारी शिकवलेच होते. मेरीचे केस दाट होते, आणि ते विंचरताना ती गाणे गुणगुणायची. मला ते फार आवडायचे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत रेबेका बेलापूरला एका लग्नाला गेली. दहा-बारा पोरी एका जाजमावर झोपल्या. बोर्डिंगात परतल्यावर तिसऱ्या दिवशी माझ्या बारीक दातांत पहिली ऊ अडकली. रेबेकाने ती पाहिली आणि पटकन नखावर चिरडली. शनिवार, कात्री आणि आईची वेणी, सगळे तिच्या डोळ्यांपुढे आले असणार.

तिने कोणाला सांगितले नाही. पहाटे सगळ्यांच्या आधी उठून ती हौदामागे जायची आणि आईने दाखवले होते तसे केस ओले करून मला मुळापासून ओढायची. आईचे सगळे तिने केले, एकच राहिले. मला धुवायला गरम पाणी लागे, ते स्वयंपाकघरात मागावे लागे, आणि मागितले की बनुबाई विचारणार, कशाला. म्हणून ती मला नुसती झग्याला पुसायची, आणि घटकाभराने मेरी हात पुढे करायची. नाही म्हणायचे तर कारण सांगावे लागले असते. रेबेका मला देऊन टाकायची. मित्रांनो, एकीच्या डोक्यातले मी दुसरीच्या डोक्यात नेले. मीच नेले.

पहिले तीन शनिवार काडीला काही सापडले नाही. चौथ्या शनिवारीही रेबेकाचे डोके लख्ख निघाले. मेरीच्या केसांत काडी घातली आणि बनुबाईंचा हात थांबला. कोणाची फणी वापरतेस, असे त्यांनी विचारले. मेरीने एकदा रेबेकाकडे पाहिले.

"कोनाची न्हाई, बाई," ती म्हणाली. "मी बोटांनीच इंचरते."

रेबेका खाली मान घालून बसली. तिच्या झग्याच्या खिशात मी होते. तिने खिशावर हात दाबून धरला. मेरीचे केस व्हरांड्यात पडले आणि झाडूने गोळा झाले. त्या दिवसापासून तिचे नाव उवांची मेरी पडले. तिच्या शेजारी कोणी जेवायला बसेना. तिचे गाणेही बंद झाले.

नाताळच्या सुट्टीला मरियाबाई लेकीला न्यायला आल्या. व्हरांड्यात बसून त्यांनी तिचे केस सोडले. ते कमरेखाली गेले होते. आई जवळ नसताना चांगले राखलेस गं, म्हणून त्यांनी कौतुकाने पेड घालायला घेतले. चार पेडांची वेणी अर्धी झाली आणि रेबेका रडायला लागली. सगळे तिने सांगून टाकले.

मरियाबाईंचे हात थांबले. मारले नाही, रागावल्याही नाहीत. मला वाटते रागावल्या असत्या तर पोरीला सोपे गेले असते.

"केस वाढत्यात, रेबे," त्या म्हणाल्या. "पर तिला जे नाव पडलं, ते कोन धुनार?"

अर्धी वेणी तशीच लोंबत असताना रेबेका जेवणाच्या ओळीपुढे उभी राहिली आणि ऊ आपल्या डोक्यातून आली, हे बनुबाईंसमोर आणि सगळ्या मुलींसमोर बोलली. मग मला घेऊन मेरीकडे गेली. मेरीचे केस तीन-चार बोटे वाढले होते. रेबेकाने मला पुढे केले.

मेरीने हात मागे घेतला.

"मला ठावं हुतं," ती म्हणाली. "तू पहाटं हौदामागं जायचीस, ते मी बघितलं हुतं. मला वाटलं, तूच सांगशील."

मरियाबाईंनी नंतर सूर्यभान सुतारांकडून माझ्यासारखीच एक फणी करवून मेरीला पाठवली. ती तिने घेतली. दोघी पुढे तीन वर्षे शेजारी बसून आपापल्या फणीने केस विंचरत असत. बोलतही असत. पण ते गाणे मी पुन्हा ऐकले नाही.

मित्रांनो, आपली फणी आपल्यापाशी ठेवा. तिला गरम पाण्याने धुवा, पुसा, ऊन दाखवा. केसांत काही सापडले तर लाजू नका, घरच्या मोठ्या माणसाला त्याच दिवशी सांगा. एवढे केलेत तर माझे बारीक दात तुमचे डोके स्वच्छ ठेवतील. पण आपली चूक दुसऱ्याच्या डोक्यावर राहिली, तर ती काढायला माझा एकही दात पुरत नाही. ती आपल्यालाच तोंडाने काढावी लागते, आणि तीही वेळेवर.