व्हरांड्याचं जुनं बटण

नेरच्या आमच्या कॉलनीत कुंदाताई आणि सत्यभामाबाई समोरासमोर राहत. दोघीही घरात एकट्या. सांडपाण्याच्या नालीवरून त्यांचं भांडण झालं, तेव्हापासून अकरा वर्षं त्या एकमेकींशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. तरीही रोज दिवेलागणीला कुंदाताई व्हरांड्याचं बटण दोनदा चालू-बंद करत आणि मग दिवा लावून ठेवत. समोरून सत्यभामाबाईही तेच करत. मी ठीक आहे, एवढाच त्याचा अर्थ. कुंदाताईंचे यजमान वारले तेव्हा दोघींनी ही खूण ठरवली होती. दिवा लागला नाही, तर समोरचीनं येऊन दार वाजवायचं. भांडणातही हे कुणी मोडलं नव्हतं.

मला हे सगळं नंतर कळलं.

कुंदाताईंचा मुलगा सलील माझा विद्यार्थी. मी शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं आणि रविवारी संध्याकाळी मुलं अजूनही माझ्या घरी येतात. सेल, बल्ब, तार घेऊन आम्ही बसतो. जिन्याच्या दिव्याला खाली एक आणि वर एक अशी दोन बटणं कशी असतात, ते सलीलनं सहावीत असताना पुठ्ठ्यावर जोडून दाखवलं होतं. तो पुठ्ठा माझ्या कपाटात आहे. आता सलील पुण्यात लोकांच्या घरांतले दिवे फोनवरून चालतील अशी व्यवस्था करून देतो.

दिवाळीला तो आला तो एक खोकं घेऊनच. भिंतीवर नुसती चिकटवायची, बिनतारी बटणं होती. आईच्या जुन्या बोर्डात बसवायचे रिले होते. रिले म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यावरून चालू-बंद होणारं बटण. बिनतारी बटणाची भाषा रिलेला कळत नाही, म्हणून दोघांच्या मध्ये दुभाष्यासारखी एक डबी. आणि व्हरांड्यासाठी अंधार ओळखणारा एक डोळा.

त्याची सुट्टी संपली आणि काम अर्धवट राहिलं. उरलेलं मी केलं. तो पुण्याहून फोनवर दाखवायचा, मी टेस्टर घेऊन स्टुलावर उभा.

"सर, निळी तार दुसऱ्या खाचेत. नाही, नाही, तुम्ही आम्हाला शिकवलं होतं ना, आधी मेन बंद."

"बंद केलाय रे बाबा. चाळीस वर्षं मी मेन बंद करतोय."

तो हसला. मलाही बरं वाटलं. आपला विद्यार्थी आपल्याला शिकवतो आहे, याचं सुख फार वाईट असतं. त्यात माणूस प्रश्न विचारायचं विसरतो.

व्हरांड्याचं जुनं बटण मी काढायला घेतलं, तेव्हा कुंदाताई चहा घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, "सर, तेवढं राहू द्या ना."

"आई, कशाला?" फोनमधून सलील म्हणाला. "दिवा आपोआप लागेल, दहाला आपोआप बंद होईल. तुला उठायचीसुद्धा गरज नाही. दोन ठिकाणांहून हुकूम गेले की गोंधळ होतो."

"सवय आहे रे," कुंदाताई एवढंच म्हणाल्या. जिच्याशी अकरा वर्षं भांडण, तिला रोज दिव्यानं निरोप देते, हे मुलासमोर कसं सांगणार?

ते बटण रिलेला जोडून ठेवता आलं असतं. दोन तारा, दहा मिनिटं. मला ते येत होतं. मी बटण काढलं आणि भोकावर पांढरी पट्टी बसवली.

त्या दिवसापासून व्हरांड्याचा दिवा वेळेवर लागू लागला. नुसताच, न लुकलुकता. सत्यभामाबाईंनी चार दिवस आपलं बटण दोनदा चालू-बंद करून पाहिलं. समोरून काहीच नाही. पाचव्या दिवशी त्यांनीही सोडून दिलं.

डिसेंबरातल्या एका शनिवारी दुपारी कुंदाताई न्हाणीच्या दारात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. मोबाइल पलंगावर. बिनतारी बटणही पलंगाशेजारी, हात पोहोचणार नाही असं.

संध्याकाळी दिवा लागला. दहाला बंद झाला.

रविवारी संध्याकाळी मी माझ्या सहा मुलांना घेऊन त्यांच्या फाटकाशी गेलो. म्हटलं, पुस्तकात नाही ते दाखवू. उजेड कमी होत गेला आणि दिवा आपोआप लागला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. समीक्षा नावाची मुलगी म्हणाली, "सर, आजींना हाक मारू?" मी म्हटलं, "नको, त्यांना कशाला त्रास."

सोमवारी सकाळी दूधवाला आला. रविवारची पिशवी फाटकाला तशीच लटकलेली होती. त्यानं सत्यभामाबाईंना हाक मारली. अकरा वर्षांनी सत्यभामाबाई त्या फाटकातून आत गेल्या.

यवतमाळच्या दवाखान्यात मी कुंदाताईंना भेटलो. ओठ सुकून फाटले होते. म्हणाल्या, "सर, मुलांच्या टाळ्या ऐकू आल्या मला. आवाज निघेना." मग म्हणाल्या, "दिवा लागलेला फटीतून दिसत होता. म्हटलं, आता कुणी येत नाही."

सलील बाहेर बाकावर बसला होता. "मी फोन केला होता, सर, रविवारी. उचलला नाही. मग ॲपवर पाहिलं. दिवा वेळेवर लागला होता. म्हटलं, देवळात गेली असेल." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "सिस्टीममध्ये काहीच बिघाड नव्हता."

ती जोडणी मीच केली होती.

तो आईला पुण्याला घेऊन गेला. त्या आता वॉकर धरून चालतात. इकडे परत यायचं नाव कुणी काढत नाही. मी सलीलला म्हटलं, ते जुनं बटण परत बसवून देतो, माझ्या मनासाठी. तो म्हणाला, "राहू द्या, सर. बंद घरात दिवा लागलेला बरा. माणूस आहे असं वाटतं."

परवा संध्याकाळी सत्यभामाबाईंनी मला त्यांच्या फाटकाशी थांबवलं.

"गुरुजी, मले वाटलं तिनं तेही तोडलं. मी कायले जाऊ म्हटलं, मीच काहून वाकू." पदरानं त्यांनी तोंड पुसलं. "तुमाले माहीत होतं ना, आपोआप लागते म्हणून? मले सांगाचं तरी."

"त्या बटणाचं मला माहीत नव्हतं, बाई."

"इचारलं असतं तिले."

तेवढ्यात समोर कुंदाताईंच्या व्हरांड्यात दिवा लागला. सत्यभामाबाई आपल्या व्हरांड्यात गेल्या आणि त्यांनी बटण दोनदा चालू-बंद केलं. मग समोर पाहत उभ्या राहिल्या. तो दिवा तसाच जळत होता.

"हा दहाच्या आधी बंद नाही होत का?"

"होतो," मी म्हटलं. "पुण्याहून."