मथुराआजीच्या फोटोखालची पाटी

हर्षालीला अलीकडं जिकडंतिकडं सावल्याच दिसायला लागल्या होत्या. भुताखेताच्या नव्हेत हो, फोटोतल्या! पुण्याच्या अर्पिताताई सास्तूरला आल्यापासूनचं हे खूळ. ताई घराघरातले जुने फोटो गोळा करायच्या, त्यांची प्रदर्शनं भरवायच्या, पुस्तकं काढायच्या. शाळेत पडद्यावर एकेक फोटो दाखवत त्या म्हणाल्या, "फोटो नुसता बघायचा नाही, वाचायचा. उजेड कुठून येतोय, सावली कुठं पडलीय, ते आधी शोधायचं." झालं! उत्तर येत असूनही मान खाली घालून बसणारी हर्षाली त्या दिवसापासून असा काही हात वर करायला लागली, की बाई म्हणाल्या, "जरा खाली घे गं, पंखा लागेल."

गावातले फोटो जमवायचं काम ताईंनी तिच्यावरच सोपवलं. त्र्याण्णवच्या भूकंपात घरं गेली, तिथं फोटो कुठले राहायला? तरी पाहुण्यांकडून परत आलेले, ट्रंकेच्या तळाशी तगलेले असे निघत गेले. शेजारच्या मथुराआजीनं तर भिंतीवरची फ्रेमच उतरवून दिली. तरुण आजी खुर्चीत बसलेली, शेजारी कोटातले दगडोबाआजोबा उभे आणि मागं रंगवलेला महाल.

"कुनाच्या हातात दिला न्हवता म्या ह्यो फोटू," आजी म्हणाली. "पर तू घरची. जपून न्हे, बया. दैवशालाचा जीव हाय त्यात."

दैवशालाआक्का म्हणजे आजीची एकुलती लेक, तामलवाडीला दिलेली. आजोबा भूकंपात गेले तेव्हा ती आजीच्या पोटात होती. बापाला तिनं पाहिलं ते या फोटोतच. माहेरी आली की ती फोटोतल्या आजीच्या पदरावर बोट ठेवून म्हणायची, "ही आय, हे दादा, आन् ही हितं मी." तिघं एकत्र असलेला जगातला एकुलता एक फोटो! साऱ्या आळीला हे पाठ होतं. हर्षालीलाही.

तरी तिनं तो फोटो वाचला.

आजीच्या गालावर उजेड डावीकडून येत होता. आजोबांच्या गालावर मात्र उजवीकडून! हर्षालीनं भिंग लावलं. कॉलरपाशी ब्रशची बारीक रेघ होती. मान आणि कोट जुळता जुळत नव्हते. आजीचं कुंकूसुद्धा वरून रंगवलेलं. म्हणजे हे दोन वेगळे फोटो होते, जोडलेले, आणि आजीचा काढला तेव्हा आजोबा या जगात नव्हते! हर्षाली चप्पल न घालताच ताईंकडं पळाली.

"अगं, भारीच की!" ताईंनी तिच्या पाठीवर थाप मारली. "असं जोडकाम म्हणजे जुन्या स्टुडिओवाल्यांची कलाच. याची पाटी तूच लिही. उद्घाटनाला चार शब्दही तूच बोल. पुस्तकातही घेऊ हा फोटो." मग त्या थांबल्या. "आजींना विचारलंस ना? ज्यांचा फोटो त्यांना विचारल्याशिवाय आपण एक अक्षर लावत नाही."

"हो," हर्षाली म्हणाली.

एवढंसं हो. विचारीन की नंतर, असं तिनं मनाला समजावलं. संध्याकाळी ती आजीच्या दारात गेलीसुद्धा. आजी शेंगा फोडत होती. "आली का माजी फोटूवाली!" म्हणत तिनं मूठभर दाणे हातावर ठेवले. हर्षाली दाणे खात खात तशीच घरी आली. विचारलं असतं आणि आजी नको म्हणाली असती तर? पाटी गेली असती. भाषणही.

प्रदर्शनाच्या दिवशी समाजमंदिरात ही गर्दी! फळ्यांवर पांढरं कापड, त्यावर फोटो, प्रत्येकाखाली पाटी.

"आरं, ह्यो गौरीशंकर का? एवढं केस हुतं व्हय ह्याला?"

"हुतं की," मागं उभे असलेले गौरीशंकरकाका टकलावरून हात फिरवत म्हणाले. "तुला दात हुतं तवाची गोष्ट हाय ती."

त्या हसण्यातून वाट काढत मथुराआजी आली. ठेवणीतलं लुगडं नेसलेली. सरळ आपल्या फोटोपुढं जाऊन उभी राहिली, आणि हर्षालीचा हात धरून म्हणाली, "वाच की गं, खाली काय लिवलंय आमचं."

पाटीवर लिहिलं होतं : 'हा मुळात एक फोटो नाही. पतीच्या मृत्यूनंतर दोन फोटो जोडून तो तयार केला आहे. पत्नीच्या कपाळावरचे कुंकू रंगवलेले आहे. शोध : हर्षाली, इयत्ता दहावी.'

काल हेच तिनं घरात मोठ्यांदा वाचून दाखवलं होतं. आता तिनं भलतंच वाचलं.

"लिहिलंय... मथुराबाई आणि दगडोबा. सास्तूर. सुखाचं जोडपं."

आजीचा चेहरा फुलला. "ह्यांचं बी नाव हाय? आन् माजं नाव म्हंजी कुठलं गं? बोट ठिव बरं."

हर्षालीनं बोट उचललं आणि ते हवेतच राहिलं. ठेवायचं कुठं? पती होता, पत्नी होती, पण आजीचं नाव कुठंच नव्हतं. अख्ख्या पाटीवर नाव होतं एकट्या हर्षालीचं.

"आजी, तुमचं नाव नाही ह्यात," ती कशीबशी बोलली. आणि मग खाली मान घालून जे लिहिलं होतं ते सगळं वाचलं.

आजी ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तुला कुनी सांगितलं?"

"कुणीच नाही. सावलीवरनं कळलं."

"सावलीला इच्यारलंस, आन् मी शेजारी ऱ्हाते." आजी बाकावर टेकली. आवाज अगदी हळू. "त्यांचा एकच फोटू गावला हुता. गनपतीच्या मंडळाचा, मागल्या रांगंत. त्येवढं डोस्कं घिऊन त्या फोटूवाल्या बाबानं कोटावर बसवलं. कोट दुसऱ्याचा आसंल, मानूस माजाच हाय. कुकू बी त्यानंच काडलं. म्हनला, लेकराला आय अशी दिसू द्या. दैवशाला पोटात हुती, त्येवढं खरं. बाकी तिला कायबी ठावं न्हाय." तिनं दाराकडं पाहिलं. "यष्टीत बसलीया. ईलच आता."

हर्षालीनं पाटी ओढली. कागद फाटला, टाचणी बोटात घुसली. तुकडे मुठीत घेऊन ती ताईंपुढं जाऊन उभी राहिली. ताई माईक तपासत होत्या.

"चल, तुझंच भाषण पहिलं."

"ताई, मी आजींना विचारलं नव्हतं. तुम्हाला खोटं सांगितलं."

ताईंनी माईक बंद केला. मग म्हणाल्या, "पुस्तकातून तो फोटो काढते. भाषण राहू दे." आणि दुसऱ्या मुलीला बोलवायला निघून गेल्या.

तेवढ्यात दारातून हाक आली, "हर्षे! आमच्या आयचा फोटू मदी लावलास व्हय गं!" दैवशालाआक्का पिशवीसकट तिला बिलगली. फोटोपाशी गेली, नेहमीच्या जागी बोट ठेवलं. "ही आय, हे दादा, आन् ही हितं मी." मग इकडंतिकडं बघत म्हणाली, "समद्यांच्या खाली लिवलंय. आमच्याच खाली कसं न्हाय?"

हर्षालीची मूठ आवळली.

"पोरीला तुला इच्यारून लिवायचं हाय," बाकावरून आजी म्हणाली. हर्षालीकडं तिनं पाहिलं नाही. "म्हनून थांबलीया."

ते शब्द टाचणीपेक्षा खोल गेले. हर्षालीनं कोरा कागद घेतला. आक्का सांगत गेली, ती लिहीत गेली : 'आई मथुराबाई, वडील दगडोबा, आणि आईच्या पोटात मी, दैवशाला.'

"खाली तुजं बी नाव लिव की."

"नको, आक्का."

संध्याकाळी फोटो घरी न्यायची वेळ आली. आजी म्हणाली, "न्हेलास तूच, टांग बी तूच." हर्षाली स्टुलावर चढली आणि तिनं फ्रेम जुन्या खिळ्याला अडकवली. आजीच्या गालावर उजेड डावीकडून. आजोबांच्या, उजवीकडून. किती डोळे मिचकावले तरी ते जाईना.

खाली आक्का चहा गाळत होती. "हर्षे, तू शिकतीस न्हवं फोटूचं? मंग सांग की, आमचा फोटू कसा काडलाय?"

आजीनं हातातली कपबशी खाली ठेवली.

"लई चांगला काढलाय, आक्का," हर्षाली म्हणाली, आणि सरळच असलेली फ्रेम भिंतीकडं तोंड करून बराच वेळ सरळ करत राहिली.